दाजींचं साटंलोटं

जगातली प्रत्येक नवी वस्तू दोनदा जन्माला येते, असं माझं ठाम मत आहे. एकदा जपान, तैवान अशा कुठल्यातरी लांबच्या मुलखात आणि दुसऱ्यांदा आष्टीच्या मेन रोडवर, आमच्या दाजींच्या दुकानात. पहिला जन्म कारखान्याच्या चार भिंतींआड होतो, त्याची कुणाला खबरही लागत नाही. दुसऱ्या जन्माच्या वेळी मात्र रिक्षावर भोंगा फिरतो, दुकानासमोर मांडव पडतो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि निवृत्त हेडमास्तरांचं भाषण होतं. देश नुकताच उदार व्हायला लागला होता, ती ही वर्षं. दिल्लीत कुणीतरी दारं उघडली होती म्हणे, आणि त्या दारातून जे काही आत येईल ते पुण्या-मुंबईला रेंगाळत न बसता सरळ आष्टीला यावं, अशी दाजींची तळमळ होती. या तळमळीपायी त्यांनी जवळ होतं नव्हतं ते सगळं पणाला लावलं. दुकान लावलं, गावातली अब्रू लावली, अक्काचा लग्नातला शालू लावला आणि एकदा, अगदी चुकून, मला लावलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. आमचं माहेर वडवणीचं. बारावीनंतर मला पुढं शिकायचं होतं आणि आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, माझं लग्न करायचं होतं. होस्टेलवर पोरगी ठेवणं त्यांच्या कल्पनेत बसत नव्हतं. तेव्हा दाजी एसटीने वडवणीला आले, ओसरीवर बसून त्यांनी आबांना सायन्सचे फायदे सांगितले आणि त्यांचा मेंदू शिणेपर्यंत सांगत राहिले. शेवटी आबा म्हणाले, "न्या बाबा हिला, पर आता थांबा." अशा रीतीने मी बी.एस्सी.ला आष्टीत, अक्काच्या घरी दाखल झाले. दाजींचे माझ्यावर एवढे उपकार असूनही मी त्यांची टिंगल करते, असं कुणी म्हणेल. पण मेव्हणीला तो हक्क समाजानंच दिलेला आहे आणि मी तो कधी वाया जाऊ दिला नाही.

दाजी बुटके, गोल आणि कायम सफारीत. मनगटावर आकडेमोड करणारं घड्याळ होतं. त्याची बटणं इतकी बारीक की दाजी ती काडीपेटीतल्या काडीने दाबत, आणि उत्तर येईपर्यंत गिऱ्हाईक तोंडी हिशोब करून निघून गेलेलं असे. त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या गोष्टी दोनच प्रकारच्या होत्या, एक ॲडव्हान्स आणि दुसरा जुनाट. पाटा-वरवंटा जुनाट, मिक्सर ॲडव्हान्स. सायकल जुनाट, गिअरची सायकल ॲडव्हान्स. अक्काने केलेलं पिठलं जुनाट होतं, पण ते त्यांनी कधी तिच्या तोंडावर म्हटलं नाही. त्यांना फक्त नवी वस्तू विकायची आवड होती असं म्हणणं चुकीचं ठरेल, कारण विकण्याकडे त्यांचं फारसं लक्षच नसे. वस्तूवरचा पडदा बाजूला सारायचा तो क्षण त्यांना हवा असे. पुढे ती वस्तू कुणी घेतली, चालली, बंद पडली, परत आली, या गोष्टी त्यांना किरकोळ वाटत.

या पडदा सारण्याला ते 'लाँच' म्हणत. लाँचसाठी अक्काचा शालू कपाटातून परस्पर बाहेर पडे आणि वस्तूवर जाऊन बसे. प्रमुख पाहुणे म्हणून हेडमास्तर ठरलेले. ते वस्तू कुठलीही असो, 'विज्ञान शाप की वरदान' याच विषयावर बोलत आणि मिक्सर असो की इस्त्री, शेवटी निर्णय श्रोत्यांवर सोपवून खाली बसत. बिनवायरच्या फोनचं लाँच मला चांगलं आठवतं. शालू दूर झाला, टाळ्या पडल्या, दाजी फोन कानाला लावून रस्त्याच्या मधोमध गेले आणि मोठ्याने म्हणाले, "हॅलो, मुंबई का? आमी आष्टीहून बोलतोय." गर्दी थक्क झाली. तेवढ्यात पानवाल्याने विचारलं, "शेठ, पलीकडं कोण हाय?" दाजी म्हणाले, "सध्या कोणी न्हाई. डेमो हाय." खरी गोष्ट अशी होती की दुकानाला टेलिफोनची लाईनच अजून मिळाली नव्हती. लाईन नसताना फोन कशाला आणला, असं अक्काने घरी विचारलं, तर म्हणाले, "अगं, बिनवायरचा हाय. लाईन आली तर आली." त्याच सुमारास आमच्या घरातल्या टीव्हीचा रिमोट हरवू नये म्हणून त्यांनी तो सुतळीने पलंगाच्या पायाला बांधून ठेवला होता, हेही नमूद करून ठेवते.

फोननंतर पेजर आला. पेजरचा सिग्नल त्या वेळी आमच्या भागात पोचतच नव्हता, पण एवढ्या कारणावरून एखादी वस्तू नाकारणं दाजींच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तो पट्ट्याला लावला आणि जेवताना, देवळात, एकदा तर मयतीतसुद्धा, अधूनमधून चेहरा गंभीर करून ते त्याच्याकडे बघत. मग एक दिवस भर दुकानात पेजर वाजला. गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. बबन, म्हणजे दाजींचा धाकटा भाऊ, जो दुकानात रेडिओ दुरुस्त करायचा, त्याने विचारलं, "दादा, काय निरोप हाय?" दाजींनी पेजर डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि म्हणाले, "बॅटरी बदला म्हणतोय." "कोण म्हणतोय?" "पेजर म्हणतोय." तरी त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, कारण यंत्र बोललं होतं, काय बोललं हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने दुय्यम होता.

पण खरा घोटाळा केला तो गच्चीवरच्या डिशने. ही एवढी थोरली थाळी आभाळाकडे तोंड करून बसली आणि रोज सकाळी आमच्या बैठकीत अमेरिकेतली ताडमाड माणसं चेंडू आपटत धावू लागली. बास्केटबॉल. दाजींना त्यातलं काही कळत नव्हतं, पण तोंडात ब्रश तसाच धरून ते आम्हाला सगळं समजावून सांगत. वरच्या खोलीत इंग्रजीचे एक प्राध्यापक भाड्याने राहत. त्यांनी एकदा सहज सांगितलं की तिकडे हा धंदा आहे, खेळाडूंना पगार असतो, आणि एक संघ आपला खेळाडू देऊन दुसऱ्याचा घेतो. दाजींच्या तोंडातला फेस गळायचा राहिला. "म्हंजी बैलबाजार," अक्का भाकरी थापता थापता आतून म्हणाली. "बैलबाजार जुनाट," दाजी म्हणाले. "हे लई ॲडव्हान्स हाय."

पुढच्या महिन्याभरात आष्टीत बास्केटबॉलचा व्यावसायिक संघ निघाला. व्यावसायिक अशासाठी की खेळ झाल्यावर प्रत्येकाला भजी आणि चहा मिळत असे, आणि बनियनच्या पाठीवर दाजींच्या दुकानाचं नाव होतं. लोहाराकडून लोखंडी कडं करून आणलं आणि ते एका पडीक गोदामाच्या भिंतीवर ठोकलं. दुसऱ्या बाजूला भिंत नव्हती, म्हणून दोन्ही संघांनी एकाच कड्यात चेंडू टाकायचा, असा नियमात बदल झाला. संघाचं नाव 'आष्टी ॲडव्हान्स'. त्यात कॉलेजची चार पोरं, एक कंपाउंडर आणि बबन. बबन काटक, चपळ, आणि कुठूनही मारला तरी त्याचा चेंडू कड्यातून बरोबर खाली पडे. खरं सांगायचं तर संघ म्हणजे बबनच होता, बाकीचे भज्यांसाठी होते. हे बघून शेजारच्या कडा गावातल्या आप्पांना राहवेना. आप्पांचं तिथं खताचं दुकान होतं आणि दाजींनी काही केलं की आपणही करायचं हे त्यांचं व्रत होतं. त्यांनीही संघ काढला. जिल्ह्यात तेव्हा माझ्या माहितीत संघ हे दोनच, त्यामुळे दाजी छातीठोकपणे सांगत की आमचा संघ दर वेळी फायनलला असतो.

आप्पांच्या संघात त्यांचा मुलगा रावसाहेब होता. नाव भारदस्त असलं तरी वय एकवीस-बावीस, आणि उंची अशी की आमच्या दारातून आत येताना तो नमस्कार केल्यासारखा वाकत असे. त्याला बघून दाजींची झोप उडाली. टीव्हीवर दिसतात तशा मापाचा माणूस साक्षात कड्यात राहतो आणि आपल्या संघात नाही, हे त्यांना सहन होईना. ते उठले, कड्याला गेले आणि आप्पांसमोर बसून म्हणाले, "आप्पा, तुमचा रावसाहेब आमाला द्या. आमचा बबन तुमी घ्या. सरळ साटंलोटं करून टाकू."

आता इथे थांबून सांगितलं पाहिजे की साटंलोटं हा शब्द आमच्याकडे एकाच गोष्टीला लावतात. दोन घरांनी एकमेकांत लेकी द्यायच्या, याची बहीण त्याला आणि त्याची बहीण याला, हुंडा कुणी कुणाकडून मागायचा नाही, याचं नाव साटंलोटं. हे लहान पोरांनाही माहीत असतं. पण दाजींना अमेरिकेतल्या त्या व्यवहाराला मराठी शब्द हवा होता, हा शब्द तोंडात आला आणि तो त्यांना इतका चपखल वाटला की पुढचं काही सुचलंच नाही. आप्पांना मात्र सगळं सुचलं. त्यांना सिंधू नावाची लग्नाची मुलगी होती. दाजींच्या घरात बबन लग्नाचा होता, आणि शिकायला ठेवलेली एक मेव्हणी होती. आप्पांचे डोळे भरून आले. "शेठ, तुमी स्वतः चालत आलात, यातच सगळं आलं," ते म्हणाले. "बायकांच्या कानावर घालतो." दाजी म्हणाले, "बायकांचं काय काम त्यात?" त्यावर आप्पा म्हणाले, "असं कसं, शेवटी निभवायचं त्यांनाच हाय." दाजींना वाटलं, हे बनियनं धुण्याबद्दल बोलतायत. त्यांनी मान डोलावली, चहा घेतला आणि ते विजयी वीरासारखे परत आले.

आठवडी बाजाराच्या दिवशी रावसाहेबाचं लाँच झालं. हो, माणसाचं. दुकानासमोर नेहमीसारखा मांडव, हेडमास्तर, नारळ, आणि शालू आडवा धरून त्याच्यामागे रावसाहेब उभा केलेला. शालू त्याच्या छातीपर्यंतच येत होता, त्यामुळे लाँचच्या आधी बराच वेळ रावसाहेब आणि गर्दी एकमेकांकडे बघत उभे होते. भोंग्यावरून दाजींनी गर्जना केली, "आष्टी आन् कडा यांच्यात साटंलोटं जाहीर करताना मला आनंद होतोय. रावसाहेब आमच्याकडं येनार, बबन त्यांच्याकडं जानार." बाजारातल्या बायका भाजी निवडायची थांबल्या. एकीने दुसरीला विचारलेलं माझ्या कानावर आलं, "अगं, दोन्ही पोरं घरजावई कशापायी चाललीत?" दुसरी म्हणाली, "शेठचं ॲडव्हान्स असतं बाई." त्या संध्याकाळपासून शेजारच्या बायका अक्काला येऊन "चांगलं झालं" म्हणू लागल्या. अक्काला वाटलं, एक खाणारं तोंड कमी झालं म्हणून म्हणतायत.

बबन कड्याला राहायला गेला. रावसाहेब आमच्याकडे आला, येताना शेंगांचं पोतं घेऊन आला. मुलगा अतिशय गरीब स्वभावाचा. उंच हात करून तो चेंडू नुसता धरून ठेवी, कारण खाली सोडला तर कुणाला लागेल अशी त्याला भीती वाटे. दाजी ओरडत, "टाक की बे कड्यात," आणि तो विचारी, "टाकू का?" तोवर चेंडू कुणीतरी उड्या मारमारून काढून घेतलेला असे. मी कॉलेजातून आले की तो ओसरीवरून उठून लांब जाऊन उभा राही. मला वाटे, लाजाळू आहे. तो लाजत होताच, पण का लाजत होता ते आमच्या घरात त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग एका सकाळी दारात जीप उभी राहिली. आप्पा, त्यांची बायको, बरोबर बबन, आणि त्यांच्यामागून नवा फेटा बांधलेले आमचे आबा. आप्पांनी वडवणीला निरोप धाडून त्यांना बोलावून घेतलं होतं. आबांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता. दाजींना वाटलं, सगळे मॅच ठरवायला आलेत. त्यांनी पोहे सांगितले आणि रावसाहेबाच्या प्रगतीचं वर्णन सुरू केलं. "उंची तर तुमी बघताच. आता फक्त जरा हालायला लागला की झालं." आप्पा समजूतदारपणे हसले. आबा म्हणाले, "जावईबापू, तुमी लई मोठं काम केलं. देणं न्हाई, घेणं न्हाई, अन् घर बघितलेलं." तेवढ्यात आप्पांच्या बायकोने पिशवीतून साडी आणि नारळ काढला आणि मला हाक मारली, "ये गं बाई, ओटी भरते." दाजींच्या हातातली पोह्यांची बशी हातातच राहिली. मी अक्काकडे बघितलं, अक्काने बबनकडे, आणि बबन गोरामोरा होऊन जमिनीकडे बघायला लागला, कारण कड्यात राहून त्याचं आणि सिंधूचं एव्हाना बरंच जमलेलं होतं.

मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले. दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती, पुढे बी.एड. करायचं हे मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. बाहेर आबा सांगत होते की परीक्षेचं काही अडलेलं नाही, चैत्रात उरकून टाकू. मुलगा वाईट असता तर मला रडून सांगता आलं असतं. पण मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, आणि हीच मोठी अडचण होती. अशा स्थळाला नाही म्हणणाऱ्या मुलीबद्दल लोक काय बोलतात, ते मला माहीत होतं. दाजी माझ्यामागून आत आले. मी एवढंच म्हणाले, "दाजी, मला शिकायचंय." ते चुलीपाशी उभे राहिले. अक्काही त्यांच्यामागून आली. मग अक्काला म्हणाले, "माझ्या सख्ख्या आत्याचं साटंलोटं झालंय. मांडवात मी वरमाळा धरून हुतो. अन् माझ्या तोंडातून ह्यो शब्द गेला कसा?" अक्का म्हणाली, "आता काय करता?" दाजींनी सफारी खाली ओढून सरळ केली आणि ते बाहेर गेले. आम्ही दोघी दाराआड उभ्या राहिलो.

"आप्पा," ते म्हणाले, "एक मोठी चूक झालीय. साटंलोटं लग्नाचं असतं, हे मला ठाऊकच न्हवतं." मग आप्पा म्हणाले, "शेठ, चेष्टा करता का? तुमच्या आत्याचंच झालंय की." दाजी म्हणाले, "झालं असंल. माझं ध्यान नसंल तिकडं. मला वाटलं इंग्रजीत ट्रेड म्हणत्यात, त्याला मराठीत हे म्हणत असतील. मी खेळाडू मागत हुतो आप्पा, सोयरीक न्हाई." आबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी विचारलं, "मग आता शब्द फिरवता?" दाजी त्यांच्याकडे वळले. "मामा, ही पोरगी मी शिकायला म्हणून मागून आणलीय. शिकून झाल्याबिगर तिची गोष्ट ह्या घरात निघायची न्हाई. राग आला तर माझ्यावर काढा, तिला बोलू नका." मग ते आप्पांना म्हणाले, "बबनला तुमी जावई करून घ्या, टीममधी बी ठेवा. पोरांचं पटलेलं दिसतंय. बदल्यात मला काय नको. तुमचा रावसाहेब तुमच्याबरोबर परत न्या, सोन्यासारखा पोरगा हाय."

आप्पांचा राग ओसरला नाही, कारण त्यांची काळजी वेगळी होती. "शेठ, सगळ्या बाजारात भोंग्यावर सांगून बसलात. आता लोक म्हणतील, माझ्या पोराला पोरीनं नाकारलं." अन् पोरीबद्दल लोक त्याहून वाईट बोलले असते, ते आप्पा बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं. दाजी म्हणाले, "लोकांचं मी बघतो." पुढच्या बाजाराला त्यांनी पुन्हा मांडव घातला. या वेळी शालूखाली काहीच नव्हतं. भोंगा हातात घेऊन त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं की मी अडाणी आहे, साटंलोटं म्हणजे काय हे मला एवढं वय होऊनही माहीत नव्हतं, मी आपला चांगला खेळाडू देऊन बसलो आणि बदल्यात काय घ्यायचं तेच मला समजलं नाही. एकाही लग्नाचं नाव त्यांनी घेतलं नाही. बाजार पोट धरून हसला. हेडमास्तरांना विज्ञान शाप की वरदान यावर बोलायला जागाच उरली नाही. दाजींनी ज्या उत्साहाने फोन लाँच केला होता, त्याच उत्साहाने त्यांनी स्वतःचा मूर्खपणा लाँच केला, आणि त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात यशस्वी लाँच ठरलं.

गावाला विषय मिळाला. माझं नाव त्यात कुठेच आलं नाही, रावसाहेबाचंही नाही. त्याचं पुढच्याच वर्षी चांगल्या घरात लग्न झालं. बबनचं आणि सिंधूचं झालं. मग आष्टी विरुद्ध कडा अशी फायनल झाली आणि बबनने आपल्या जुन्या संघाला असं धुतलं की कंपाउंडरने भजीसुद्धा खाल्ली नाहीत. त्यानंतर बास्केटबॉल बंद पडला. पण बोलणं बंद पडलं नाही. कुणी चांगली म्हैस देऊन भाकड आणली, चांगली जमीन विकून खडकाळ घेतली, की लोक म्हणत, "शेठचं साटंलोटं केलंस की बे." मी कॉलेजात जाता-येता हे ऐकत असे. प्राध्यापक वर्गात हे उदाहरण देत. आबा दोन वर्षं दाजींशी बोलले नाहीत, मी बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाले तेव्हा पेढे घेऊन आले, आणि तेव्हाही त्यांनी पेढा अक्काच्या हातात दिला. दाजी मात्र सगळ्यांबरोबर हसत. कुणी त्यांना फारच टोचून बोललं, तर म्हणत, "चूक झाली राव. शब्दच कळला न्हाई." मला तेव्हा त्यांचा राग येई. मी एकदा म्हणालेही, "दाजी, निदान घरच्या माणसांना तरी खरं सांगा." ते नव्या इन्व्हर्टरचं खोकं उघडत होते. म्हणाले, "हे बघ, आत दोन बॅटऱ्या हायत. लई ॲडव्हान्स."

मी बी.एड. केलं, हायस्कुलात नोकरीला लागले, पुढे माझ्या मर्जीनं लग्न केलं, आणि आता विज्ञान शिकवते. दाजी गेल्या वर्षी गेले. तेराव्याला सगळे जमले होते, दाजींच्या संघातली पोरं पांढऱ्या केसांची झालेली. जेवणं झाल्यावर बबनने तोच किस्सा सांगायला घेतला. आमच्या दादाला साटंलोटं म्हणजे काय हे माहीत नव्हतं, हे त्याने इतक्या मायेने सांगितलं की रडणारी माणसंसुद्धा हसली. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बबन, त्यांना ठाऊक होतं. माझं शिक्षण सुटू नये, माझ्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोलू नये, म्हणून ते तसं म्हणाले. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बोललेत ते."

बबनने डोळे पुसले आणि समजूत घालावी तसा माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुमची माया हाय म्हणून तुमाला तसं वाटतं. पर खरं सांगू का, दादाला ठाऊक नसंल. त्याला कुठं काय ठाऊक असायचं." कंपाउंडरने मान हलवली आणि पुन्हा सगळे हसले. मी अक्काकडे बघितलं. तिला सगळं माहीत होतं, ती माझ्या बाजूने बोलेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "हसू दे त्यांना. ह्यांनीच ठेवलंय ते हसायला." मग तिने मला तिच्याजवळ बसवून घेतलं. बबनने किस्सा पुन्हा पहिल्यापासून सांगितला, आणि माझं नाव या वेळीही त्यात आलं नाही. दाजींची मला फार आठवण आली.